तिकडे जाण्याची ट्रायल

शेवटी आम्ही तिकडे गेलो नाही, आणि पहिल्या तारखेला आई घर सोडून गेली. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नमनाला घडाभर तेल जायला नको. आता कृपया असं धरून चाला की मी हे सांगितलंच नाही. आमच्या घरची पद्धतच तशी आहे. एखादी गोष्ट सगळ्यांना कळली, की ती झालेलीच नाही असं धरून सगळे जेवायला बसतात.

तिकडे म्हणजे ते मोठं थीम पार्क. त्याचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की पूर्ण म्हणेपर्यंत चहावर साय धरायची, म्हणून आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणायचो. तिकडे जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मधले सगळे दिवस रांगेत. कुटुंबाला घेऊन एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का, यावर जगभर लोक वाद घालतात. आमच्याकडे वाद नव्हता. आमच्याकडे खार होती.

खार म्हणजे माझी बहीण, वय वर्षं आठ. घास गालात साठवून ठेवते आणि दोन तासांनी गिळते, म्हणून खार. एका संध्याकाळी ती तिकडची जाहिरात घेऊन जेवणाच्या टेबलापाशी आली. जाहिरातीत चार जणांचं कुटुंब एका गाडीत उलटं लटकून हसत होतं आणि खाली लिहिलं होतं : एकत्र फिरणारं कुटुंब, एकत्रच राहतं.

"हे बघ," खार आईला म्हणाली. "लिहून दिलंय त्यांनी."

याला एक कारण होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात, याच टेबलावर, मीठ पुढे सरकवताना आईने सांगितलं होतं की तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. आई इथल्या एका कारखान्यासाठी घरी पडदे शिवते. साधे खिडक्यांचे नव्हेत. शाळा, सभागृहं, मोठाली हॉटेलं. आता त्या गावी नाट्यगृहांचे पडदे शिवणाऱ्या कारखान्यात तिला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं होतं. खोली बघून ठेवली होती.

"किती मोठी?" बाबांनी विचारलं होतं.

"एकीला पुरेल एवढी."

बाबांनी थोडा वेळ भात चावला. "कितव्या मजल्यावर?"

"तळमजला."

"बरं," बाबा म्हणाले होते, आणि आमच्या आईवडिलांचं बावीस वर्षांचं लग्न एवढ्यावर उरकलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. शेजाऱ्यांना काही ऐकायला मिळालं नाही. ते दोघं कित्येक वर्षं एकाच घरात दोन पाळ्यांसारखे राहत होते. आता एक पाळी बंद होणार होती, इतकंच.

"ती जाहिरात आहे, बाळा," आई खारीला म्हणाली.

"कुकरवर पण लिहिलं होतं. पाच वर्षं. झाकण गेलं तर दिलं ना त्यांनी नवीन?"

"आई म्हणजे झाकण नाही," मी म्हणालो.

"दादा, तू मधे बोलू नको. तुझ्याकडून कुणाचं काम झालंय कधी?"

हे लागलं, कारण खरं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात काम करतो. लोक अर्ज पाठवतात, मी उत्तरं लिहितो. 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे', 'सदर बाब विचाराधीन आहे', 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' एवढ्या दिवसांत मी एकही विनंती मान्य केलेली नाही. कठोर आहे म्हणून नाही. मान्य करण्याचा मसुदाच आमच्याकडे नाही.

खारीने दुसऱ्या दिवशी माझा फोन घेऊन तिकडच्या मदत क्रमांकावर स्वतः विचारलं. स्पीकर चालू होता. "आम्ही चौघं आलो आणि तरीसुद्धा आई गेली, तर तुम्ही काय देता?" पलीकडची बाई म्हणाली, "आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे." माझ्या अंगावर काटा आला. वाक्य आमचंच होतं, फक्त आवाज गोड होता.

मग मामाला बोलावलं, कारण मामा सहकुटुंब तिकडे जाऊन आला होता. मामा गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्याची इतकी वर्षं गेली आहेत की तो सोफ्यावर बसला तरी उजवा पाय मधूनमधून जमिनीत रुततो. कोणी काही वावगं बोललं की ब्रेक.

"मामा, तिकडे जाण्यात अर्थ आहे का?" खारीने विचारलं.

"शंभर टक्के," मामा म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी जायलाच पाहिजे. हे बघ फोटो."

फोटोत मामा, मामी आणि त्यांचे जुळे हसत होते. प्रत्येक फोटोत तेवढंच हसू, तेवढेच दात. एका फोटोत मागे कोणीतरी ओकत होतं, पण ते वेगळ्या कुटुंबातलं होतं.

"मामी काय म्हणाली?" आईने विचारलं.

मामाचा पाय जमिनीत रुतला. "ती म्हणेल ना. त्या पाण्याच्या घसरगुंडीपासून बोललेली नाही, पण बोलली की चांगलंच म्हणेल."

"कधी गेला होतात रे तुम्ही सगळे?"

"मागच्या वर्षी."

मामाने फोटो आवरले. मग मामा म्हणाला, "ताई, पण रांगेत छान गप्पा झाल्या आमच्या. खोटं नाही सांगत. नंबर लागेपर्यंत सगळं चांगलं होतं."

हे वाक्य तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

बाबा इतका वेळ खिडकीपाशी उभे होते. आमचे बाबा लिफ्टचं काम करतात. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट बसवायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीची लिफ्ट खारीच्या जन्माआधीपासून बंद आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. इमारतीचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं आणि दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही हा बाबांच्या धंद्यातला धर्म. त्यामुळे आई पडद्यांचे गठ्ठे पाच मजले चढवत राहिली आणि बाबा मागून म्हणत राहिले, "काय करणार, काम आपलं नाही."

"ट्रायल घेऊ," बाबा खिडकीकडे बघतच म्हणाले.

"कसली?" आई.

"तिकडची. नवीन लिफ्टमध्ये आपण एकदम माणसं चढवत नाही. आधी रिकामी चालवतो. मग लोखंडी वजनं घालून. मग मेकॅनिक जातो, आणि मग माणसं. घरातली चार माणसं तिकडे न्यायची, तर आधी इथे एक रविवार रांगेत उभी राहून बघू देत. इथे धड उभे राहिलो नाही, तर तिकडे जाऊन काय दिवे लावणार?"

आईने गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरली. विचार करताना ती टेप धरते. "आणि पास झालो तर?"

"ते तू सांग."

आई खारीकडे बघत राहिली. खारीच्या गालात दुपारचा बटाटा होता, पण ती चावत नव्हती.

"पास झालो तर मी पहिल्या तारखेला जाणार नाही," आई म्हणाली. "आधी तिकडे जाऊ. चौघं. मग पुढचं पुढे बघू. आणि नापास झालो, तर हा विषय या घरात परत काढायचा नाही."

"लिहून देशील?" खारीने विचारलं.

"मी काय जाहिरात आहे का?" आई म्हणाली.

पुढचे काही दिवस बाबा कामावरून परस्पर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत जाऊ लागले. त्या दुसऱ्या कंपनीने म्हणे केव्हाच गाशा गुंडाळला होता आणि हे बाबांना माहीतही होतं. चेअरमनकडून त्यांनी आता परवानगी आणली. खाली येताना त्यांच्या कोपरापर्यंत ग्रीस असायचं आणि ते कोणाकडे बघायचे नाहीत. आईने एकदा दारातून विचारलं, "चालू होणार?"

"होईल असं दिसतंय."

"आता," आई म्हणाली, आणि आत गेली. नुसतं 'आता'. त्यापुढे तिने काही जोडलं नाही, पण बाबा बराच वेळ पाना हातात घेऊन उभे राहिले.

रविवार उजाडला. रांग पाचव्या मजल्यावर लिफ्टच्या दारापासून सुरू होऊन जिन्याने खाली जाणार होती. आईने कारखान्यातून पडद्याच्या जाड लाल दोऱ्या आणल्या आणि कठड्याला बांधल्या, अगदी तिकडच्यासारख्या. लिफ्टच्या चौकटीवर उंचीची खूण केली. तिकडच्या सर्वांत मोठ्या पाळण्यात बसायला जेवढी उंची लागते तेवढी. खार खुणेपाशी उभी राहिली. दोन बोटं कमी पडली.

"जरा ओढून मोज ना," खार म्हणाली.

"ओढून मोजलेला पडदा धुतला की आखूड होतो," आई म्हणाली.

"मग रांग खूप मोठी ठेवा. नंबर लागेपर्यंत मी वाढेन."

अडचण अशी आली की रांगेत आम्हीच चौघं. पुढे कोणी नसेल तर थांबायचं कशासाठी? बाबांना हे पटलं. म्हणून आमच्यापुढे सामान उभं केलं : खुर्च्या, बादल्या, इस्त्रीचं टेबल, उभा झाडू, कपडे वाळत घालायचा स्टँड, मामाने आणलेलं एक जुनं टायर. आम्ही चौघं सर्वांत शेवटी, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. मामा वरती शिट्टी घेऊन उभा राहिला. तो अधूनमधून शिट्टी वाजवायचा, पुढची एक वस्तू घरात नेऊन ठेवायचा, आणि बाकीच्या वस्तू एकेक पाऊल पुढे सरकवायचा. रांगेत एखादी बादली आपल्यापुढे असावी आणि तिचा हेवा वाटावा, हा अनुभव मला नवीन होता.

पहिला तास आम्ही गप्प उभे होतो. मग चौथ्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा पिशवी घेऊन खाली येताना थबकले.

"रांग आहे का?"

"हो," बाबा म्हणाले.

"शेवटचा कोण?"

"मी," खार म्हणाली.

आजोबा खारीच्या मागे उभे राहिले. कशाची रांग, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या नोकरीत मला कळलेली एक गोष्ट म्हणजे लोक रांगेला कधी कारण विचारत नाहीत; कारण विचारेपर्यंत नंबर जातो. आजोबांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरची शिकवणीवाली बाई आली. तिच्या मागे खालच्या दुकानातला चष्मेवाला. "लिफ्ट चालू होतेय," असं कोणी म्हणालं. "काहीतरी वाटतायत," असं दुसऱ्याने सांगितलं. एक बाई रिकामा डबा घेऊन आली, असू द्यावा म्हणून. दुपारपर्यंत रांग तळमजल्याच्या बाहेर, रस्त्यावर गेली. चौथ्या मजल्यावर दोन पोरगेलेसे भाडेकरू दार उघडून मधेच घुसले, तेव्हा शिकवणीवाल्या बाईंनी खालून त्यांना फैलावर घेतलं.

"ओ, मधे कुठे घुसताय? तुमच्याआधी ती बादली आहे."

"सॉरी," ते म्हणाले, आणि बादलीच्या मागे गेले.

आणि त्या गर्दीत, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, आई आणि बाबा एकमेकांच्या शेजारी अडकले होते. घरात असते तर एक जण उठून दुसऱ्या खोलीत गेला असता. इथे हलायची सोय नव्हती. रांग सोडली की नंबर गेला. पुढे टायर, मागे आजोबा, बाजूला भिंत.

"पाय दुखतायत?" बाबांनी विचारलं.

"पाच मजल्यांची सवय आहे मला. तुमचं बघा."

"माझं काय?"

"कॉलरचं बटण लोंबतंय. दोन आठवडे बघतेय."

"सांगायचं ना."

"तुम्ही विचारायचं ना."

आईच्या ओढणीला कायम एक सुई टोचलेली असते, दोऱ्यासकट. तिने ती काढली. "मान वर करा," म्हणाली. बाबांनी मान वर केली. आमचे बाबा, ज्यांनी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली आहेत, ते हनुवटी छताकडे करून लहान मुलासारखे उभे राहिले आणि आई त्यांच्या गळ्याशी सुई चालवू लागली.

"टोचू नको हं."

"टोचायचं असतं तर एवढी वर्षं थांबले असते का?"

बाबा हसले. गळ्याशी सुई असताना हसणं धोक्याचं असतं, म्हणून ते नाकातून हसले, आणि त्या आवाजाने आईला हसू आलं. मग तिने त्यांना कारखान्यातल्या त्या साहेबाची गोष्ट सांगितली, ज्याने सभागृहाचा पडदा उलटा लावून घेतला आणि अख्ख्या समारंभात लोक शिवणीकडे बघत बसले. बाबांनी त्या मंत्र्याची गोष्ट सांगितली, जो उद्घाटनालाच दोन मजल्यांच्या मधे अडकला आणि आतून भाषण करत राहिला. या दोन्ही गोष्टी मी आजपर्यंत ऐकल्या नव्हत्या. माझी खात्री आहे की त्यांनीही एकमेकांच्या ऐकल्या नव्हत्या.

"आमच्या वेळी असं नव्हतं," मागून आजोबा म्हणाले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, कळलं नाही.

आईने गाठ मारली, पुढे वाकली, आणि बाबांच्या गळ्याशी तोंड नेऊन दाताने दोरा तोडला.

खारीने माझा हात घट्ट धरला. "दादा, पास झालं ना?"

"थांब अजून," मी म्हणालो. तक्रार कक्षातली सवय. पण मलाही वाटलं होतं.

वरून मामाची शिट्टी वाजली. टायर एक पायरी पुढे सरकलं. आम्हीही सरकलो. मग पुन्हा शिट्टी. खुर्ची गेली, झाडू गेला, बादली गेली, भाडेकरूंना मामाने दमदाटी करून मागे पाठवलं. आणि दिवस कलता कलता आम्ही चौघं लिफ्टच्या दारापुढे उभे होतो. आमच्यापुढे कोणी नव्हतं. मागे सगळी इमारत होती.

"चला," बाबा म्हणाले. दारावर जुनीच पाटी होती, बाबांनी पुसून लख्ख केलेली : चार माणसं. त्यांनी बटण दाबलं. दार आवाज न करता उघडलं. एवढ्या वर्षांनी ते दार उघडताना बघून मागच्या रांगेत कुजबुज झाली.

खार आत गेली. मी गेलो. आईने एक पाय आत ठेवला आणि बझर वाजू लागला.

बाबांनी वर पाहिलं. आईने खाली पाहिलं. लिफ्टच्या तिन्ही भिंतींना लागून, ताडपत्रीखाली, लोखंडी वजनं रचलेली होती. मी आत शिरताना त्यांना बाक समजलो होतो.

"ही काय आहेत?" आईने विचारलं.

"वजनं," बाबा म्हणाले. "चार माणसांची."

"आत का आहेत?"

"ट्रायलची आहेत. पहाटे घातली. पूर्ण होईपर्यंत काढायची नाहीत असा नियम आहे."

"मग झाली का पूर्ण?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. लिफ्टच्या धंद्यात खोटं बोलणारा माणूस फार काळ टिकत नाही, किंवा त्याच्या लिफ्टमधला माणूस टिकत नाही. "झाली," ते म्हणाले. "सकाळीच. वर-खाली चालवून बघितली. काही आवाज नाही, काही हिसका नाही. पास आहे." आणि बोट करून दाखवलंही. आतल्या आरशाच्या कोपऱ्यात हिरवी चिठ्ठी चिकटवलेली होती : पास.

बझर वाजतच होता. आई एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभी होती.

"म्हणजे आपलं चौघांचं सकाळीच झालं," ती म्हणाली. "आपल्याशिवाय."

"अगं, तसं नाही. ते फक्त भार म्हणून."

"तेच म्हणतेय."

"काढायची राहून गेली. मी काढतो. आत्ता काढतो. पाच मिनिटं." बाबा वाकले आणि त्यांनी पहिलं वजन उचललं. ते घाईघाईने वजनं बाहेर आणू लागले, पण अशी कामं घाईने होत नाहीत. प्रत्येक वजन दोन हातांनी धरून, गुडघ्यात वाकून, सरळ पाठीने उचलावं लागतं, आणि बाबा तसंच उचलत होते. त्यांच्यासमोर त्यांचं लग्न दारात एका पायावर उभं होतं आणि ते पाठ सरळ ठेवत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना एवढीच पद्धत माहीत होती : ज्याच्यावर जीव आहे, त्याला आपण आधी तपासल्याशिवाय कशात चढू द्यायचं नाही. त्यात माणूस बाहेर ताटकळतं, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

आईने आत ठेवलेला पाय बाहेर घेतला. बझर थांबला.

"मी दोनदा मोजलं," आई म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही. कापड कापण्याआधी ती हे असं म्हणते.

मग ती जिन्याकडे वळली. रांगेच्या उलट दिशेने, एकेक पायरी उतरत. लोक भिंतीला चिकटून तिला वाट देत होते, पण एक पाय आपल्या जागेवर ठेवून. "ताई, नंबर जाईल हं," शिकवणीवाल्या बाईंनी काळजीने सांगितलं.

"असू दे," आई म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

खार लिफ्टच्या बाहेर आली. तिने बाबांनी काढलेलं एक वजन दोन्ही हातांनी ढकलत ढकलत आणलं आणि आई उभी होती त्या जागी ठेवलं. "आईचा नंबर आहे," तिने मागच्यांना सांगितलं. "येतेय ती. तोवर तुम्ही जा."

आणि लोक गेले. बाबांनी उरलेली वजनं काढली, आणि सगळी इमारत चार-चारच्या गटाने लिफ्टमध्ये बसून खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. चष्मेवाला तीनदा बसला. डबेवाली बाई रिकामा डबा घेऊन खूश होऊन घरी गेली. पेन्शनर आजोबा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "एवढं थांबल्याचं सार्थक झालं," ते म्हणाले, आणि बाबांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. बाबांनी हलवू दिला.

संध्याकाळी रांगेत फक्त आम्ही तिघं आणि एक वजन उरलो. मामाने शिट्टी खिशात टाकली. "चल गं खारे, एक फेरी मारू," तो म्हणाला. खारीने मान हलवली. तिच्या गालात काहीच नव्हतं, तरी गाल फुगलेले होते.

आई बाजारातून पाव आणि अंडी घेऊन आली. जिन्याने आली. जेवताना कोणी विषय काढला नाही. शेवटी बाबांनीच काढला. ट्रायलचा निकाल सांगणं हे त्यांचं काम होतं.

"नापास," ते ताटाकडे बघत म्हणाले.

"लिफ्ट?" आईने विचारलं.

"नाही. लिफ्ट छान आहे."

आईने मीठ त्यांच्यापुढे सरकवलं. ठरल्याप्रमाणे तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही. खारीने जाहिरात कुठे लपवली ते अजून कोणाला सापडलेलं नाही.

पहिल्या तारखेला आईचं शिलाई मशीन, दोन बॅगा आणि ती स्वतः लिफ्टने खाली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला पाच मजले ओझं घेऊन उतरावं लागलं नाही. बाबांनी सामान आत नीट रचून दिलं, भार मधोमध येईल असं. आम्ही तिघं बाहेर उभे होतो. खार म्हणाली, "मी पण बसू?" आई म्हणाली, "नको, जड होईल." बाबांनी बोलायला तोंड उघडलं. मला माहीत आहे ते काय सांगणार होते : एवढा भार सहज चालतो, अजून एक माणूस बसेल, दोनही बसतील. ते बोलले नाहीत. कॉलरचं बटण तेवढं चाचपलं. दार आवाज न करता बंद झालं. बझर वाजला नाही.

ती हिरवी चिठ्ठी अजून आरशाच्या कोपऱ्यात आहे. मी रोज कामावर जाताना वाचतो. तिथे दिवसभर लोकांना कळवतो की त्यांच्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः एक अर्ज लिहिला. कोणाकडे पाठवायचा ते कळेना, म्हणून आमच्याच कक्षात, आमच्याच पेटीत टाकला. आता माझ्या टेबलावर येईल. उत्तर काय द्यायचं ते मला पाठ आहे, तरी अर्ज नियमानुसार केलेला बरा.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (जे कोणी असतील ते),

विषय : रांग पुढे न सरकवणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदाराच्या राहत्या इमारतीत गेल्या महिन्यात एका रविवारी लिफ्टसाठी रांग लागली होती. सदर रांगेत अर्जदार, अर्जदाराची बहीण, आई व वडील तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे असताना, आई ही वडिलांच्या कॉलरचे बटण शिवत होती. तरी दोरा तोडण्यापूर्वीच्या त्या स्थितीत सदर रांग पुढील आदेशापर्यंत आहे तशीच थांबवून ठेवावी, वरच्या मजल्यावरील इसमास शिट्टी न वाजवण्याची समज द्यावी, आणि मागे उभ्या असलेल्या सर्व रहिवाशांना त्यांचा नंबर कधीही लागणार नसल्याचे कळवून त्यांचे सहकार्य मिळवावे, ही नम्र विनंती.